नांगर एक, दुरुस्तीस

रविवार पेठेतल्या अडतीच्या माळ्यावर
मोडीतल्या चार वह्या सापडल्या.
बेळगावात मोडी वाचणारे आता किती,
म्हणून माझ्याकडे आल्या.
समुद्र इथून पाच मुक्काम. मुक्काम बैलांचे.

मिरची पोती चाळीस, रामघाटानं खाली.
उलट भाड्यात मीठ, सोडे, काथ्या,
आरशांची पेटी एक, पैकी सात फुटके.
वेंगुर्ल्यास फत्तेमारी लागली नाही,
गाड्या नऊ दिवस उभ्या, कडबा सव्वा रुपया.
तुफानाची नोंद अशी,
कडब्याच्या खर्चात.

मग एका पानावर
नांगर एक, दुरुस्तीस, सुळग्यास लोहाराकडे.
मी शेतातलाच समजलो.
पुढं वजन वाचलं, चार मण.
असला नांगर कुठली बैलजोडी ओढते,
आणि घाट चढून कशाला येतो?

सातेरी लोहार दारात विळ्याला धार लावत होता.
'ते होय? म्हशीचं न्हवं ते.'
परड्यात अर्धा रुतलेला,
वरचा आकडा म्हशीनं मान घासून
गुळगुळीत केलेला.

बंदरावर मिठाचं जुनं गोदाम सावरताहेत,
तिथं ठेवायला मागतात, मी म्हटलं.
पत्र दाखवलं, वही दाखवली.
ओळ वाचून झाली, त्यानं बोट ठेवलं शेवटच्या शब्दांवर:
मजुरी सव्वादोन रुपये, येणे.
'म्हंजे आमच्या पणज्याचं पैसं ऱ्हायलं.'

राहिले.
त्या गलबताचं नाव पुढच्या वह्यांत नाही.
नांगर नीट होऊन बसून राहिला.
नांगराशिवाय ते कुठं थांबलं असेल,
की थांबलंच नाही,
अडतीच्या वहीत हे कोण लिहितो?

शनिवारी टेम्पो आला.
देवू कुबलनं पाचशेची नोट काढली.
'सव्वादोनच. जास्तीचं नको.'
चार आणे कुठून आणायचे?
तीन घ्या म्हटलं, घेईना.
दोनच घेतले, कनवटीला लावले.

नांगर हलला तेव्हा खाली माती ओली होती,
गांडुळं, आणि बैलाच्या पत्रीचा एक तुकडा.
टेम्पो बाचीकडं गेला, शिनोळी, पुढं घाट.
म्हैस खड्ड्यापाशी तशीच उभी,
दाव्याचं मोकळं टोक पायांत.

जुन्या वहीत काही लिहू नये, हे मला कळतं.
तरी पेन्सिलीनं, बारीक, मोडीतच लिहिलं:
जमा दोन.
येणे चार आणे.