टिकल्या

मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
कौन्सिलच्या मुलीने आमची थिसल स्ट्रीट टेबलावर अंथरली.
साडेतीन हात लांब,
म्हणजे बरोबर माणसाएवढी.
कागदावरची झाडं गोल गोल, माणसं सगळी सडपातळ,
एकाच्याही हातात पिशवी नाही.
हडर्सफील्डचा चढ मात्र कागदावर साफ सपाट.

मग तिने प्रत्येकाला एकेक पाकीट दिलं.
पाच हिरव्या टिकल्या, पाच लाल.
आवडलं तिथे हिरवी लावा, नको तिथे लाल.
मला हसू आलं.
चाळीस वर्षं टिकली लावते आहे,
आवडलं का, हे कुणी त्यात धरलं नव्हतं.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
इथे बाविसांच्या मुखी पार्किंग.
मारेकला व्हॅनपुरती जागा हवी,
कीथला झाड नको, कारण झाड आलं की पक्षी आले,
आणि पक्षी आले की त्याच्या गाडीचं टप.
नसरीनने पाचही हिरव्या एकाच जागी चिकटवल्या,
वळणावर, जिथे दिवा नाही.
म्हणाली, डिसेंबरात माझी पोर शाळेतून
अंधारात घरी येते.
एकीला पाच कशा, असं कुणी म्हटलं नाही.

विनी ऑल्डरॉइड, वय एक्क्याऐंशी,
टिकल्यांना हातही न लावता म्हणाल्या,
बाक इथे नको. चौदा नंबरसमोर हवा.
तिथे ऊन येत नाही, मुलगी म्हणाली, आम्ही मोजलंय.
ऊन कोणाला हवंय, बाळ?
दम तिथे लागतो.

यावर नकाशाला काही बोलता येईना.
आम्ही सगळेच बाहेर पडलो.
माझ्या स्वयंपाकघरातली खुर्ची मी आणली,
एक पाय जरा डुगडुगणारी.
अकरा वर्षांत माझ्या घरातलं काही
पहिल्यांदाच रस्त्यावर आलं.
को-ऑपच्या पिशव्यांत बटाटे भरून
एकेक जण खालून चढत आला,
धाप लागली की हात वर,
हात वर झाला की खुर्ची तिथे.
मारेक थेट वर गेला, ते धरायचं नाही.
कीथ दहाशी बसला आणि उठेचना.
शेवटी कौन्सिलची मुलगी,
काखेत गुंडाळलेली आमची गल्ली,
दोन्ही हातांत बटाटे,
चौदाशी थांबली. काही बोलली नाही.
खिशातून खडू काढून फरशीवर फुली मारली.

बाक आला दीड वर्षाने,
बारा नंबरसमोर, एक घर खाली.
चौदाखाली गॅसची पाइप निघाली.
आम्ही चिडलो, पत्र लिहिलं, सह्या घेतल्या.
विनीबाई बसून बघून आल्या.
राहू दे, म्हणाल्या,
आता दम इथेच लागतो.

नसरीनचा दिवा अजून आलेला नाही.
त्या दिवशीची एक हिरवी माझ्याकडे उरली होती.
सवयीने बाथरूमच्या आरशावर लावून ठेवली आहे.
पुढची बैठक गुरुवारी.