पासंग

एकेचाळीस वर्षं मी दुसऱ्यांची वजनं तपासली.
कुताइसीचा हिरवा बाजार, रिओनीपलीकडची गोदामं,
रेल्वेच्या आवारातला कोळशाचा काटा.
सगळीकडे ही पेटी बरोबर:
आत निळं मखमल, मखमलीत पितळ,
दोन किलोपासून एका ग्रॅमपर्यंत
उतरत आलेलं एक कुटुंब.

मग एका हिवाळ्यात सरकारच उरलं नाही.
पेटी परत करायला गेलो, तर कचेरीत कुणीतरी
खुर्च्या जाळून चहा उकळत होतं.
"ठेव तुझ्याकडेच," म्हणाला.
ठेवली.

लामारा गेल्यापासून दर रविवारी पितळ घासतो.
तिच्या चमच्यांना हात लावत नाही.
ती म्हणायची, "इपोलिते, बाजारातून तू
रिकाम्या पारड्यासारखा घरी येतोस, नुसता डुलत."
मी पीत नव्हतो.
तिला ते म्हणायचंच नव्हतं.

पाच ग्रॅमच्या खाचेत पितळ नाही,
तिथे एक खडा आहे.
नाझिब्रोला अक्रोडवालीचा.
तिच्या तराजूची दांडी वाकडी,
म्हणून डाव्या पारड्याखाली तिनं सुतळीनं तो बांधलेला.
काटा मधोमध, सरळ. कुणाची एका दाण्याचीही लूट नाही.
पण नियमात पासंग बसत नव्हता.
खडा जप्त. दंड तीन रूबल. पावती दिली.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस रात्री दोनदा उठतो,
आणि परत पलंगापर्यंत येताना
त्याला एक खडा आठवतो.

सगळी वर्षं एका पारड्यात घातली.
दुसऱ्यात काय घालावं, ते सकाळपर्यंत सुचलं नाही.
तेव्हा कोट चढवला.

ती होती. स्टुलावर, गुडघ्यांवर घोंगडी.
तराजू आता बॅटरीचा, लाल आकड्यांचा,
आणि त्याच्यामागे तिची मुलगी,
चाळिशी उलटलेली, रुंद, घाईतली.

मी खडा पुढे केला. दंडाचं सांगितलं.
नाझिब्रोला बघत राहिली, खड्याकडे, मग माझ्या तोंडाकडे.
"दंड? असेल बाबा. त्या काळी कोण दंड करत नव्हतं!
पण तू तोच ना,
मी परवाना आणायला पळाले तेव्हा
हिला सांभाळलंस? रडायची थांबेना
म्हणून पारड्यात बसवलंस,
आणि सगळ्या बाजाराला ओरडून सांगितलंस:
सहा किलो दोनशे!"

मला आठवत नाही.
शपथेवर सांगतो, काहीच आठवत नाही.
"खडा काढण्याआधी की नंतर?" मी विचारलं.
"काय?"
"वजन. आधी केलं की नंतर?
नंतर केलं असेल, तर ते चुकलं."
मुलगी हसली, इतकी, की गिऱ्हाईकं वळून बघू लागली.
"वाढले ना मी," म्हणाली, "तुमच्या चुकीसकट."

नदीवरून वारा आला.
कागदी पिशव्या उडू लागल्या, तसा म्हातारीनं
खडा त्यांच्यावर ठेवला
आणि पुढच्या माणसाशी भावावरून भांडायला लागली.

घरी जुनी वही काढली. दंडांच्या बावीसशे नोंदी,
सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड नाही.
शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं:
एक मुलगी. सहा किलो दोनशे.
तारखेचा रकाना कोरा सोडला.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ
पेन्सिल टेकवून बसलो.

अक्रोड ओंजळीनंच दिले होते तिनं, न तोलता.
टेबलावर आहेत.
पेटी शेजारीच आहे, उघडी.