राजाची डावी बाजू

माझा बाप राजा कोरायचा.
कोंग्सबर्गच्या टांकसाळीत, नदीकडच्या खिडकीपाशी,
डोळ्याला भिंग लावून, जीभ दातांत धरून,
पोलादात खोल, उलटा राजा.
उलटाच कोरावा लागतो, गुनहिल्ड, तो म्हणायचा,
खोल खणलं तरच नाक वर येतं,
आणि इथे डावीकडे पाहणारा
नाण्यावर उजवीकडे पाहतो.
मी आठ वर्षांची. मला एवढंच कळलं
की राजा म्हणजे आधी एक खड्डा असतो.

राजा राहायचा दुसऱ्या देशात,
जंगलांपलीकडे, स्टॉकहोमला.
दोन देशांवर एक राजा.
आई म्हणायची, एका पांघरुणात दोन भावंडं,
ओढाताण व्हायचीच.
त्याचा चेहरा टपालाने यायचा,
लाकडी डबीत, लोकरीत गुंडाळलेलं मेणाचं पदक,
आणि सोबत पत्र :
केस असे. मान अशी.
हनुवटीखाली काही दाखवू नये.

ठसे झिजतात, पोलाद असलं तरी.
आधी भुवई जाते, मग कानाची पाळी,
मग बाप पुन्हा बसायचा नवा ठसा घेऊन,
राजा तोच, त्याच वयाचा.
खाणीतली चांदी आटली, पुन्हा लागली.
आस्लाक रांगायचा, तो मशाल घेऊन खाणीत उतरू लागला.
आईचे पुढचे दात पडले.
राजा चाळिशीचा.
पत्र यायचं : पूर्वीप्रमाणेच.

एका हिवाळ्यात बापाने
राजाच्या डोळ्याखाली एक रेघ ओढली,
केसाहून बारीक. कुणाला विचारलं नाही.
मी म्हटलं, का?
म्हणाला, एकट्यानेच म्हातारं व्हायची लाज वाटते गं.

ती रेघ घेऊन राजा बाजारभर हिंडला,
खारवलेल्या हेरिंगच्या पिंपांपाशी,
गुत्त्यात, चर्चच्या थाळीत.
कुणाच्या डोळ्यांत आली नाही.
लोक नाणं वाजवून घेतात, फार तर चावून बघतात.

मग तो खराच आला.
फेब्रुवारीत, बर्फगाडीतून, खाण पाहायला.
तीन तास आम्ही पुलाशी उभे,
पायांची बोटं आहेत की गेली ते कळेना.
बेकरीवाल्या मार्थेने हातमोज्यात
एक डालर धरून ठेवलेला, ताडून पाहायला.
गाडी आली. आमच्या बाजूला आला त्याचा डावा गाल,
ओघळलेला, थंडीने लाल.
त्याने मनगटाला नाक पुसलं.
हा नव्हे, मार्थे म्हणाली, हा कुणी कारकून,
राजा मागच्या गाडीत असणार.
आणि सगळे मागच्या गाडीकडे बघू लागले.

बाप तेवढा टोपी काढून उभा होता,
टकलावर बर्फ पडत होतं.
अख्ख्या मुलखाने उजवीकडे बघणारा राजा पाहिलेला.
डावीकडे बघणारा फक्त याने,
चौदा वर्षं, भिंगातून, रोज.

घरी जाताना मी विचारलं, रेघ होती?
तो बराच वेळ नुसता चालला.
सात होत्या, म्हणाला.

राजा वारला तेव्हा नदीवरचा बर्फ फुटत होता.
घंटांच्या आवाजात तो तडकण्याचा आवाज मिसळला.
महिन्याभराने नवी डबी आली,
नवं मेण, नवी मान, तेच पत्र.
जुने ठसे बाद करायचे असतात,
तोंडावर छिन्नीचा आडवा घाव घालून,
म्हणजे मेलेला राजा कुणी चोरून छापू नये.
बापाला तोवर दिसेनासं झालं होतं.
हातोडी माझ्या हातात दिली,
छिन्नी स्वतः धरली,
आणि दुसऱ्या हाताचा अंगठा
त्या खड्ड्यातून हळूहळू फिरवला,
कपाळ, भुवई, डोळा.
डोळ्याखाली थांबला.
इथे नको, म्हणाला.
जरा खाली घेतो, मग मार.