खोडरबराचं काम

हाचिओजीत, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर
आम्ही तिघं सेन्रीचं जग भरतो.
सेन्सेई माणसं काढतात. ओदागिरी इमारती, विजेच्या तारा, कावळे.
मी काळं भरते, आणि शाई वाळली
की खालच्या पेन्सिलीच्या रेघा खोडते.
रॉकेलचा हीटर घुरघुरतो. गुरुवारी पहाटे पानं जातात.

सेन्री कुणाला हुकूम सोडत नाही.
एकशे बेचाळीस प्रकरणं झाली, एकदाही नाही.
तो फक्त बहिणीच्या ताटलीकडे बघतो
आणि काहो म्हणते, मला भूक नाहीये, तू घे.
तो जिन्यात थांबतो, बुटाची नाडी बांधत,
नेमका तेवढाच वेळ
जेवढ्यात तात्सुओमी आपणहून म्हणेल,
"मी जातो. तू नको येऊस."
तात्सुओमी साठाव्या प्रकरणात गेला.
वाचकांनी पत्रं लिहिली, शाई फुटेस्तोवर रडून.
सेन्रीला. धीर सोडू नकोस म्हणून.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच,
आणि केससुद्धा ज्याचा गळा
त्याच्याच डोक्यावरचा.

दोन चौकटींमधली ती पांढरी पट्टी असते ना,
तो तिथे राहतो.
एका चौकटीत काहोचा हात दारापासून लांब,
पुढच्या चौकटीत दार बंद.
मधलं वाचक आपल्या मनाने भरतो
आणि धरून चालतो, काहोनेच लावलं.
काहोही तसंच धरून चालते.

पण मला पेन्सिल दिसते.
सेन्सेई आधी सगळं खरं काढतात:
सेन्रीच्या खांद्यापासून निघालेली फिकट रेघ
टेबलावरून, चहाच्या कपाच्या कानातून,
थेट काहोच्या मनगटापर्यंत.
नजरेचा रोख चुकू नये म्हणून, म्हणतात.
मी शाई वाळायची वाट बघते
आणि ती रेघ खोडते. दर आठवड्याला.
पुरावे माझ्या मांडीवर पडतात,
करडा, मऊ कीस. मी झटकून टाकते.

परवा आकिताहून आईचा फोन आला.
नवीन वर्षाला येतेस ना?
मी म्हटलं, "तुझी कंबर दुखते ना गं. एवढं सगळं रांधायचं..."
आणि गप्प राहिले. नेमका तेवढाच वेळ.
"नको येऊस मग," आईच म्हणाली,
"बर्फ फार आहे इकडे. तुलाच त्रास."
तू म्हणतेस तर, म्हटलं.
फोन ठेवला. हीटरला खेटून बसले तरी
बोटं गारच.
सत्त्याण्णवावं प्रकरण, पान अकरा.
त्या पानावरचं काळं मीच भरलं होतं.

काल रात्री काहोचा चेहरा होता, पानभर.
समासात सेन्सेईंची सूचना: डोळ्यांत चमक नको.
मी बाहुल्या भरल्या. सावकाश, काठ न ओलांडता.
साडेतीन वाजले. ओदागिरी टेबलाखाली झोपलेला.
सेन्सेई खाली गेले, यंत्रातून कॉफी आणायला.
आणि सहा वर्षांत पहिल्यांदा,
कुणी न सांगता,
टाकाच्या टोकाने मी तिच्या डाव्या डोळ्यात
एक पांढरा ठिपका ठेवला.
तिळाएवढाही नाही. राजगिऱ्याच्या दाण्याएवढा.
काहो सेन्रीकडे बघेनाशी झाली.
कुठे बघत होती ते मलाही कळेना.

सेन्सेई आले. पान दिव्याशी धरलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग कॉफीचा गरम डबा माझ्यासमोर ठेवला.
"दमलीस," म्हणाले. "तुला वाटतं तसं राहू दे."
पान पाकिटात गेलं.

सकाळी आवरताना बघते तर
पांढऱ्या शाईची बाटली,
जी कायम खिडकीत असते, ओदागिरीच्या बाजूला, झाकण घट्ट,
ती माझ्या उजव्या हाताशी होती.
झाकण उघडं.
मी नव्हतं उघडलं.
मला वाटतं, नव्हतं.

मी आईला फोन लावला. येते म्हणाले.
खरंच? म्हणाली ती, आणि हसली.
मग मी थांबले,
ती पुढे काय म्हणते ते ऐकायला,
मनात आकडे मोजत.