अंतराचा रकाना

प्रश्न सतरावा : जवळच्या बाजारापर्यंतचं अंतर, किलोमीटरमध्ये.
शियाच्या बिया निवडता निवडता सानातू म्हणाली,
"कुठल्या दिवसांतलं?"

टॅबलेटला दिवस कळत नाहीत.
मी गोरखचिंचेखाली उकिडवा बसलेलो.
इथे एकाच फांदीपाशी फोनला जेमतेम रेंज येते,
म्हणून अख्खं गाव तिथं मान वाकडी करून बोलतं.

"ओढा आटलेला असला तर सकाळी निघून दुपारी.
चढलेला असला
तर बाजारच नाही."
मी लिहिलं : चौदा.

डोक्यावरून विजेच्या जाड तारा गेलेल्या,
सरहद्दीपलीकडच्या देशाकडे, घाईत,
खाली न बघता.
पोरं म्हणतात, दमट रात्री त्या गुणगुणतात.

अक्राच्या कचेरीत डॉक्टर ओफोसुवा बाईंनी
भिंतीवर रात्रीचा नकाशा लावलाय, उपग्रहातून काढलेला.
किनाऱ्याला उजेडाचं खरकटं सांडलेलं,
वर उत्तरेत आम्ही.
(मीही इथलाच. गणित बरं होतं म्हणून सुटलो.)
बाई म्हणतात, दरी भरून येईल.
समीकरणात ती भरतेही, तीस वर्षांत,
इतर सर्व गोष्टी तशाच राहिल्या तर.

इतर सर्व गोष्टी.
म्हणजे सानातूची थोरली, राहिनातू,
अक्रात डोक्यावर घमेलं घेऊन
लोकांचे टोमॅटो, कापडाचे तागे,
एकदा आख्खं शिवणयंत्र वाहणारी,
रात्री दुकानाच्या ओट्यावर झोपणारी.
ती तशीच राहिली तर.

प्रश्न एकविसावा : घरातलं कुणी स्थलांतरित?
"नाही गं बाई," सानातू बियांकडेच बघत म्हणाली,
मग मी बाई नाही हे आठवून हसली.
"थोरली बाजारात गेलीय.
येईलच.
तिसरा हंगाम हा."

वाऱ्यानं टरफलं माझ्या चपलांवर आणून टाकली.
"तू तिकडेच परत जाशील ना?
भेटली तर सांग, पैसे नाही पाठवलेस तरी चालेल,
आईला अंतर देऊ नकोस."

मी पडदा मागे सरकवला. सतरावा प्रश्न.
चौदा खोडलं.
सहाशे चाळीस लिहिलं.

चौकट लाल झाली :
आकडा मर्यादेबाहेर. कृपया पुन्हा विचारा.

सानातूनं एक किडकी बी उचलली,
उजेडात धरून पाहिली,
आणि चांगल्यांतच टाकली.