तीन लिटर

रात्री साडेअकराला पोळपाट बाजूला सारून
मी ओट्यावर सामान मांडते.

आधी पाणी.
तीन लिटरची पिशवी, नळीसकट.
परवाच पालथी घालून वाळवली होती
तरी आत रबराचा वास उरतोच.
चिमूटभर खायचा सोडा, दोनदा खळबळून,
मग माठातलं पाणी. वरची हवा दाबून काढायची,
नाहीतर चढणभर पाठीवर डुचमळत बसतं.

दिवसभर मी लॅबमध्ये लोकांचं रक्त भरते मिलिलिटरने.
म्हणून असेल, मला अंदाजे काही भरवत नाही.

जुन्या मोज्यात ट्यूब. दोन लिव्हर. पंप, ठिगळं,
काडेपेटीत चेनची सुटी कडी,
पाच नंबरची ॲलन की, जी दर वेळी हरवते
आणि डब्यांच्या मागे सापडते.
क्रेप बँडेज. शिट्टी. मीठ-साखरेची पुडी.
आधारची झेरॉक्स, मागे माझ्याच अक्षरात माझा रक्तगट.
यशोधन पाणी प्यायला उठतो, बघतो, म्हणतो,
‘फ्रीज राहिला ना गं.’

त्याला एप्रिल माहीत नाही.

मुलुंडच्या मागचा डोंगर, अकराचं ऊन,
मी आणि मेल्विन डाबरे. मागच्या चाकात बाभळीचा काटा.
खाली कॉलनीच्या गच्च्यागच्च्यांवर
काळ्या टाक्या, हजार हजार लिटरच्या,
आणि आमच्याकडे मिळून चार बोटं पाणी.

भोक पाण्यात दिसतं. बुडबुडा येतो,
कुठल्याही सायकलवाल्याला विचारा.
मेल्विनने बाटलीचं झाकण उघडलं.
माझ्याकडे पाहिलं.
झाकण परत लावलं.

मग ट्यूब ओठांशी धरून
इंच इंच फिरवत गेला, डोळे मिटून,
झोपलेल्या बाळाचा श्वास बघतात तसा.
ओठ ओले करायला थुंकीही नव्हती.
तिसऱ्या फेरीला थांबला. ‘हिथं,’ म्हणाला,
आणि बोट ठेवलं.

ठिगळ चिकटेपर्यंत आम्ही बोललो नाही.
मग मी मोजून माझी दोन बोटं प्यायले.
त्याने बाटली उन्हात धरली, डोळा बारीक केला:
‘लॅबवाली ना तू? चुकलीस. अजून घे.’
चुकले नव्हते.
घेतलं.

उद्या पाच वाजता तो चेकनाक्याला उभा असेल,
तीच एक बाटली, तीही अर्धी,
आणि वर म्हणेल, हलकं बरं असतं, पोरी.

दोन माझे. एक त्याचा.
हे त्याला सांगायचं नाही.

बॅग दाराशी टेकवते, दिवा घालवते,
पुन्हा उठून लावते.
फरशीवर ओला डाग. नळी चाचपते, तोटी, शिवण.
गळत नाहीये कुठे.
माठाचं पाणी गार आहे, पिशवीला घाम आलाय.
तरी खाली एक वाटी ठेवते.