खुली जागा क्रमांक चौदा

लातूरच्या नकाशात ती तिरप्या रेघांची एक चौकट होती,
तीन गुंठे, उतार पूर्वेला.
मी कनिष्ठ अभियंता. सहा बाकडी काढली,
सहाही भिंतीला पाठ लावून,
मधोमध लोखंडी दांडा, कुणी आडवं होऊ नये म्हणून.
निविदा निघाली, बाकडी आली.
माणसं आली नाहीत.

एकटे वाघंबरराव येतात, रिटायर्ड कंडक्टर.
पाचला बसतात रस्त्याकडं तोंड करून,
सातला उठतात.
कुणी भेटतं का, विचारलं तर म्हणाले,
"गाडीतल्यावानी केलाव साहेब तुमी.
समदे एकाच दिशेनं बसलेले."

मग कौसरबी.
त्यांनी चपलेच्या टोकानं मातीत गोल काढला.
"हितं थांबायचा टँकर. नवव्या दिवशी,
राती दोनला, तीनला, कवाबी.
घागरी रांगेत आन् आमी घागरीवर.
भांडणं तर लई.
माझ्या नसरीनची सोयरीक त्या रांगेतच जुळली.
आता पानी घरात आलंय, बरंच झालं.
पर पारूबाई गेली ते मला तिसऱ्या दिवशी कळलं.
दोन घरं सोडून ऱ्हायची."

ती पाइपलाइन मीच टाकलेली.
फायलीत सही आहे माझी, तारखेसह.
तहान कुणी परत मागत नाही,
मीही नाही.

पण नकाशा पुन्हा काढला.
दांडे कापले. बाकडी समोरासमोर,
आवाज न चढवता ऐकू जाईल एवढ्या अंतरावर.
लिंबाला गोल कट्टा,
आणि चपलेनं काढलेल्या त्या गोलात
एक नळ.
साहेबांनी विचारलं, घरोघरी नळ असताना हा कशाला?
शेऱ्यात लिहिलं : झाडांसाठी.

व्हॉल्व्ह मी अर्धाच उघडला.
बादली भरायला सात-आठ मिनिटं लागावीत
एवढाच दाब.
हे कुठल्याच शेऱ्यात नाही.

परवा अर्ज आलाय.
चौदा नंबरच्या नळाला प्रेशर नाही,
लोकांना ताटकळत बसावं लागतं,
तरी तात्काळ दुरुस्ती व्हावी.
खाली अकरा सह्या.
पहिला अंगठा कौसरबींचा,
त्याखाली वाघंबररावांचं तिकिटावरचं बारीक अक्षर,
बाकीचे नऊ मला माहीत नाहीत.

अर्ज आवक केला. नंबर टाकला.
पाना अजून पिशवीतच आहे.